रक्तातली तारीख आणि बाईवरचा आळ

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषण तसंच ठेवलं आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय 'विषाणूची जनुकीय माहिती आणि एच.आय.व्ही.चा प्रसार' असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघी म्हणाल्या, "हे आपल्याला कशाला ग? हे प्रयोगशाळेतल्या लोकांचं काम." खरं सांगायचं तर विषय असा मांडला की माझ्याही पोटात गोळा येतो. म्हणून मी एका बाईपासून सुरुवात करते. तिचं नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पाचव्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायला गेली. तिथे हिमोग्लोबिन, शुगर यांच्याबरोबर एच.आय.व्ही.चीही तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, महिना महिना बाहेरगावी. घरी कळलं तेव्हा सासूचा पहिला प्रश्न होता, "हिने माहेराहून काय आणलं?" नवऱ्याला तपासणीला बोलावलं, तो आला नाही. बाळंतपणाला तिला माहेरी धाडलं, ती परत न्यायला कुणी आलं नाही. औषधं वेळेवर सुरू झाल्यामुळे बाळ सुटलं; अठराव्या महिन्याची त्याची तपासणीसुद्धा निगेटिव्ह आली. पण ती मात्र माहेरच्या पडवीतच राहिली.

एक दिवस माझ्यासमोर बसून तिने विचारलं, "ताई, रक्तात तारीख असते का हो? माझ्यात आधी शिरला का त्यांच्यात, एवढं कळू दे. मग मी घरी जाऊन सांगते."

त्या दिवशी मी तिला धड उत्तर देऊ शकले नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत समुपदेशनाची सगळी तंत्रं शिकवतात, हे कुणी शिकवत नाही. घरी येऊन वाचायला लागले. ते वाचन अजून चालू आहे, आणि आजचं भाषण त्यातूनच आलं आहे.

तर, रक्तात तारीख असते का? असते. पण एकट्या माणसाच्या रक्तातून ती नेमकी निघत नाही. पुष्कळांच्या रक्तातला विषाणू शेजारी शेजारी ठेवून वाचला तर तिचा अंदाज येतो. कसा, ते आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर हातांनी उतरवलेल्या प्रतींमध्ये पाठभेद माजले होते. नकलणाऱ्याने एका ओवीत एक शब्द चुकवला की त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक जाते. पुढच्याने त्यात स्वतःची एक चूक घालायची. म्हणून दोन गावांतल्या दोन पोथ्यांत तीच ती विचित्र चूक सापडली, तर अभ्यासक म्हणतात, या दोघींचं मूळ एक असणार. चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावता येते.

एच.आय.व्ही. ही अशीच एक पोथी. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली, साधारण ९,७०० अक्षरांची. माणसाच्या शरीरात तिच्या रोज अब्जावधी नकला होतात, आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेला चूक तपासायची सवयच नाही. त्यामुळे लागण जशी पुढे जाते तशी अक्षरं बदलत जातात. अनेकांच्या विषाणूंची अक्षरं ताडून पाहिली की एक झाड काढता येतं. जवळच्या डहाळ्या म्हणजे जवळचे नातेवाईक. अक्षरं बदलण्याचा वेग ढोबळमानाने ठाऊक असल्यामुळे फांदी कधी फुटली तेही मोजता येतं. थोड्याच काळात खूप फांद्या फुटल्या असतील तर त्या काळात साथ भराभर पसरली, असं गणित मांडता येतं. साथीचं चित्र रोग्यांच्या नोंदींवरून काढायची पद्धत जुनी; हे चित्र विषाणू स्वतःच्या हस्ताक्षरात काढून देतो.

याच पद्धतीने एच.आय.व्ही.चं मूळ शोधलं गेलं. किन्शासा शहरात १९५९ आणि १९६० साली घेतलेले नमुने साठवणीत राहिले होते. ते आणि नंतरचे असंख्य नमुने ताडून, माणसांतली ही साथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली आणि १९२०च्या सुमारास किन्शासातून पसरलेली, असा निष्कर्ष २००८ आणि २०१४ सालच्या अभ्यासांतून निघाला. बेल्जियमच्या वसाहतीतली रेल्वे, खाणींकडे जाणारे मजूर, दवाखान्यांतल्या पुनःपुन्हा वापरलेल्या सुया, हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे मात्र ऐंशीच्या दशकात आफ्रिकी विद्यार्थ्यांना सक्तीने तपासायचं सुचलं होतं. अमेरिकेत गाएतान दुगा नावाच्या विमान कर्मचाऱ्याला 'मूळ रोगी' ठरवलं गेलं. त्याच्या मृत्यूनंतर तीसहून अधिक वर्षांनी, २०१६ साली, जुन्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झालं की विषाणू १९७०च्या आसपासच न्यूयॉर्कला पोचलेला होता आणि दुगा हा त्यातल्या कितीतरी रोग्यांपैकी एक होता. 'मूळ रोगी' हे बिरूदसुद्धा एका इंग्रजी 'ओ' अक्षराला शून्य समजण्यातून चिकटलं होतं.

पण मला तुम्हाला पाच बायांची गोष्ट सांगायची आहे.

लिबियात बेनगाझी शहरात मुलांचं एक मोठं रुग्णालय आहे, तेव्हा अल-फतेह नावाचं. १९९८ साली तिथे दाखल झालेल्या मुलांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचं उघड झालं. चारशेहून अधिक मुलं. काही मातांनाही लागण झाली. आईबापांचा आकांत खरा होता, आणि सरकारला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये बल्गेरियातून कामाला आलेल्या पाच नर्सबाई आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर पकडले गेले. परक्या देशातल्या, पोटासाठी आलेल्या बाया. विजेचे झटके देऊन कबुलीजबाब घेतले. मुद्दाम विषाणू टोचला, परकीय हेरांचा कट होता, असा आरोप झाला. मे २००४ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. पुढे फेरसुनावणी लागली.

या सुनावणीच्या काळात काही शास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या रक्तातला विषाणू वाचला. तुलियो द ऑलिव्हेरा हे त्यांतलं पहिलं नाव. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. त्यांनी झाड काढलं, फांद्यांचं वय मोजलं. या नर्सबाई मार्च १९९८ मध्ये तिथे रुजू झाल्या होत्या. झाड सांगत होतं की त्या रुग्णालयातला विषाणू त्याच्या आधीपासून तिथे पसरत होता. त्याच मुलांमध्ये काविळीचा सी विषाणूही होता, आणि त्याची फांदी तर आणखी जुनी होती. म्हणजे कट वगैरे काही नाही. सुया नीट न उकळता वापरल्या जात होत्या, आणि ते जुनं दुखणं होतं.

हा अभ्यास 'नेचर'मध्ये ६ डिसेंबर २००६ रोजी प्रसिद्ध झाला. तेरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, न्यायालयाने त्या सहा जणांना पुन्हा फाशी सुनावली.

म्हणजे झाडाने आळ पुसला, पण कोर्टाने झाड पाहिलं नाही. सुटका झाली ती जुलै २००७ मध्ये, मुलांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा समझोता आणि युरोपातल्या सरकारांच्या वाटाघाटी झाल्यावर. साडेआठ वर्षं तुरुंगात गेली. शास्त्राचा पुरावा आपल्या बाजूचा असला की सत्तेपुढे आपण आपोआप जिंकू, असं समजणाऱ्या आपल्या काही सुशिक्षित मैत्रिणींना मी ही गोष्ट मुद्दाम सांगत असते.

आता दक्षिण आफ्रिकेत जाऊ. १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवलं ते पीटरमारित्झबर्ग स्टेशन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. त्या शहराला लागून वुलिंडलेला हा डोंगराळ ग्रामीण भाग आणि ग्रेटर एडेनडेल ही मोठी वस्ती. क्वाझुलु-नाताळ प्रांतातला हा मुलूख जगातल्या सर्वांत जास्त लागण असलेल्या मुलुखांपैकी. मुलींना मुलांपेक्षा पुष्कळ लवकर लागण होते, हे तिथे क्वारैशा अब्दुल करीम आणि सलीम अब्दुल करीम या जोडप्याच्या कामातून नव्वदच्या दशकापासून दिसत होतं. दोघंही भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी शास्त्रज्ञ. का होते, याचं उत्तर बायकांना केव्हापासून माहीत होतं. पण बायकांना माहीत असलेली गोष्ट आकड्यांत यायला वेळ लागतो.

जून २०१४ ते जून २०१५ या वर्षात या दोन भागांत घरोघर जाऊन १५ ते ४९ वयाच्या ९,८१२ जणांची तपासणी झाली. ३,९६९ जण पॉझिटिव्ह निघाले. वयाप्रमाणे पाहा: १५ ते २४ वयाच्या मुलींत २२.३ टक्के, त्याच वयाच्या मुलांत ७.६ टक्के. पंचवीस ते चाळीसच्या बायकांत ५९.८ टक्के, पुरुषांत ४०.३. मुली मुलांच्या जवळजवळ तिप्पट. मग या मुलींना लागण त्यांच्या बरोबरीच्या पोरांकडून झाली असेल, हे गणितातच बसत नाही.

इथे पुन्हा द ऑलिव्हेरा आले, अब्दुल करीम दांपत्य होतंच. १,५८९ जणांचा विषाणू वाचला आणि झाड काढलं. त्यात ९० झुबके सापडले, ज्यांत १२३ बाया १०३ पुरुषांशी जोडलेल्या दिसल्या. पंचविशीच्या आतल्या मुलींशी ज्यांचा विषाणू जुळला ते पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. पंचवीस ते चाळीसच्या बायकांच्या बाबतीत हे अंतर १.१ वर्षावर आलं. आणि तरुण मुलींशी जोडलेल्या ४१ पुरुषांपैकी १६ जण त्याच वेळी पंचवीस ते चाळीसच्या बायकांशीही जोडलेले होते.

चित्र असं उभं राहतं: तिशीतला पुरुष आपल्या वयाच्या बाईकडून लागण घेतो आणि विशीच्या आतबाहेरच्या मुलीला देतो. ती मुलगी मोठी होते, तिशीत येते, आणि तिच्या वयाच्या पुरुषाला तिच्याकडून होते. मग तो पुन्हा एका लहान मुलीकडे. हे रहाट थांबवायचं तर कुठे हात घालायचा, ते या झाडाने दाखवलं. तोवरचा सगळा उपदेश मुलींसाठी होता: पैसेवाल्या मोठ्या माणसाच्या नादी लागू नका. शाळेची फी, टॅक्सीचं भाडं, घरचं पीठ-मीठ कुठून आणायचं, ते मात्र फलकावर लिहिलेलं नसायचं.

आपल्याला हसायला नको. त्यांच्याकडे आठ-नऊ वर्षांच्या अंतराला काळजी करण्यासारखं नातं म्हणतात. आपल्याकडे तेवढंच अंतर आईबाप पाहुण्यांना पोहे देऊन ठरवतात, आणि नको म्हणणारी मुलगी आगाऊ ठरते.

त्या अभ्यासातली एक ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चाळिशीच्या आतल्या बायकांशी जोडलेल्या ७९ पुरुषांपैकी ६२ जणांना आपल्याला लागण झाली आहे हे ठाऊकच नव्हतं. ७६ जण औषधावर नव्हते. हे वाचल्यावर त्या पुरुषांना राक्षस म्हणायची सोय राहत नाही. त्यांची तपासणी करायला कुणी गेलंच नव्हतं. बाई गरोदर राहते, दवाखान्यात जाते, तिची तपासणी होते. वर्षानुवर्षं दक्षिण आफ्रिकेच्या साथीचा अंदाज गरोदर बायांच्या रक्तावरून काढला जात होता, आपल्याकडेही गरोदर बायांचे नमुने हा त्या मोजदादीचा मोठा आधार. बाई आकड्यात येते, पुरुष येत नाही. आणि जिचा रिपोर्ट आधी, तिच्यावर आळ आधी. माझ्या समोर बसलेल्या त्या बाईचं दुसरं काय झालं होतं? तिची तपासणी आधी झाली कारण ती गरोदर होती. सासूने तपासणीची तारीख हीच लागणीची तारीख धरली.

एका मर्यादेचाही उल्लेख करते, नाहीतर मी आकड्यांनी दिपले असं होईल. ३,९६९ पैकी १,५८९ जणांचाच विषाणू वाचला, कारण औषधाने ज्यांचा विषाणू दबला आहे त्यांच्या रक्तात वाचण्याजोगं काही उरत नाही. जुळले ते तर दोनशे सव्वीस. झाडाच्या बहुतेक फांद्या आपल्याला दिसतच नाहीत.

उगांडातल्या राकाईबद्दल थोडक्यात. तेव्हा लेक व्हिक्टोरियाच्या काठापर्यंत पसरलेला हा जिल्हा. १९८२ साली उगांडातले पहिले रोगी इथल्या कासेनसेरो या कोळ्यांच्या बंदरावर आढळले. काठावरच्या वस्त्यांत लागणीचं प्रमाण सुमारे ४० टक्के, आतल्या गावांत त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं होतं की कोळी आणि बंदरावरच्या खानावळीत, दारूच्या गुत्त्यात काम करणाऱ्या बाया हे उगमस्थान, आणि तिथून रोग गावात येतो. झाड वाचलं तेव्हा २०२० साली उलटंच दिसलं: काठावरून आत जाणारी लागण थोडी, आतून काठावर येणारी जास्त. पुढे २००३ ते २०१८ या काळाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. बायका औषधं घेऊन विषाणू दाबण्यात पुरुषांच्या पुढे गेल्या, तरी त्यांच्यातली नवी लागण पुरुषांच्या मानाने सावकाश घटली. पुरुषांनीही बायकांइतकी औषधं घेतली असती तर २०१८ साली बायकांतली नवी लागण निम्म्यावर आली असती, असा त्यांचा हिशोब आहे. पॉझिटिव्ह बाईने स्वतःच्या गोळ्या नेमाने घेतल्या की लागण रोखण्याचा त्यांचा फायदा तिच्या जोडीदाराला होतो, लागण न झालेल्या बाईचं रक्षण मात्र तिच्या जोडीदाराच्या गोळ्यांवर अवलंबून असतं. हे मला तर आपल्या कुठल्याही घोषणेपेक्षा नेमकं वाटतं.

महाराष्ट्राशी याचं नातं काय? विषाणूचंच नातं आहे. दक्षिण आफ्रिकेत चालतो तो 'सी' उपप्रकार, आणि भारतातही मुख्यतः तोच. झाडावर भारतातला 'सी' हा आफ्रिकेतल्या 'सी'ची एक फांदी म्हणून दिसतो. आपल्याकडे तो पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासला. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी नमुने गोळा केले होते, ते देहविक्रय करणाऱ्या बायांचे. त्यांतल्या पुष्कळजणी सरकारी निवासगृहात डांबलेल्या होत्या. त्यांनी रक्त दिलं, देश जागा झाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं 'एड्स कुणामुळे' याचं उत्तर म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवलं गेलं. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांचा अभ्यास झाला आणि १९९७ साली प्रसिद्ध झाला. देहविक्रय न करणाऱ्या बायांमध्ये १३.६ टक्क्यांना लागण होती. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. म्हणजे धोका कुठे होता? घरात, मंगळसूत्रात. यासाठी विषाणूचं एक अक्षरही वाचावं लागलं नव्हतं. बायांना नीट विचारावं लागलं होतं.

आता माझ्या मनातली खरी अडचण सांगते.

त्या बाईच्या नवऱ्याची तपासणी शेवटी झाली. कशी झाली ते नंतर सांगते. तो पॉझिटिव्ह होता, आणि त्याच्या सीडी-फोर पेशी शंभरच्या आत होत्या. हिच्या सहाशेच्या वर. इतक्या खाली यायला सहसा बरीच वर्षं लागतात. मी डॉक्टरांना जवळजवळ भांडूनच म्हटलं, "म्हणजे ह्याला आधी झाला होता, लिहून द्या." ते म्हणाले, "शक्यता आहे. लिहून देणार नाही. काहींच्या पेशी लवकर घसरतात." मला त्यांचा राग आला. मनात आलं, परदेशात असतं तर दोघांचा विषाणू वाचून घेतला असता आणि रिपोर्ट सासूच्या पुढ्यात ठेवला असता.

मग वाचत गेले तसं कळलं की तो रिपोर्टही हे सांगू शकला नसता. दोघांचा विषाणू जुळला तर त्याने तिला दिला असेल, तिने त्याला दिला असेल, किंवा कुणा तिसऱ्याकडून दोघांकडे आला असेल. तिसरं माणूस झाडावर नसतं, कारण त्याचं रक्त कुणी घेतलेलं नसतं. अलीकडे एकाच माणसाच्या शरीरातले विषाणूचे असंख्य पाठभेद वाचून दिशेचा अंदाज करतात. राकाईत तेच केलं. शेकडो जोड्यांत मिळून दिशा कुठली हे त्यातून कळतं, एकेका जोडीच्या बाबतीत ते चुकू शकतं. २०१८ साली वीस शास्त्रज्ञांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात फ्रान्सवाज बारे-सिनुसी होत्या, ज्यांना या विषाणूच्या शोधासाठी २००८ साली नोबेल मिळालं. त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की केवळ झाडावरून 'अमक्याने अमक्याला दिला' हे फौजदारी खटल्यात निःसंशय सिद्ध होत नाही. विषाणू जुळत नाही एवढं दाखवून एखाद्याला निर्दोष ठरवता येतं. अमेरिकेत लुइझियानामध्ये १९९८ साली एका डॉक्टरला शिक्षा झाली. त्याने आपल्याला सोडून जाणाऱ्या नर्सला आपल्या रोग्याचं रक्त टोचलं होतं. झाड त्या खटल्यात बाईच्या बाजूने उभं राहिलं, पण तिथेही दवाखान्याच्या नोंदी आणि बाकीचा पुरावा सोबत होता.

आणि याच काळात माझ्याकडे दुसरी एक मुलगी आली. आईकडून जन्मतः लागण झालेल्या मुली आज विशी-पंचविशीत आहेत, हे आपल्या ध्यानातच येत नाही. मामांनी तिचं लग्न लावलं, सासरी काही न सांगता. ती गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून घ्यायची. गोळ्या रोज घेतल्या आणि विषाणू दबलेला राहिला तर तिच्याकडून नवऱ्याला लागण होत नाही, हे तिला माहीत होतं. पण सणावाराला घर पाहुण्यांनी भरलं की डब्याला हात लावता यायचा नाही, आणि गोळ्या खंडायच्या. उद्या नवरा पॉझिटिव्ह निघाला तर? मी पहिल्या बाईसाठी मागत होते तोच रिपोर्ट या मुलीला पोलीस चौकीत उभं करील. एका घरात आपल्या बाजूचा पुरावा, शेजारच्या घरात आपल्या मुलीवर फिरणारा. उगांडाने २०१४च्या कायद्यात जाणूनबुजून लागण करणं हा गुन्हा ठरवला. अशा कायद्यात सापडते ती जिची तपासणी आधी झाली ती. म्हणजे बहुतेक वेळा बाई.

म्हणून आपण काय मागायचं, यावर माझं मत मांडते. शिबिरात त्यावर वाद व्हावा. झाड गावाचं, प्रांताचं काढा. घराचं काढू नका. आपल्याकडे नेहमीच्या तपासणीत विषाणू मोजतात, वाचत नाहीत. पण औषध का लागू पडत नाही हे पाहायला तो वाचतात, आणि हे पुढे वाढणार. अमेरिकेत या कामासाठी वाचलेली अक्षरंच २०१८पासून सर्व राज्यांत साथीचे झुबके शोधायला वापरू लागले. ज्यांच्या रक्तातली ती अक्षरं, त्यांना विचारलं नाही, म्हणून पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा मला पटतो. उपचारासाठी दिलेलं रक्त हे तपासासाठी दिलेलं रक्त नव्हे.

आपल्या हातात २०१७चा एच.आय.व्ही. कायदा आहे, सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला. तपासणीला समजून-उमजून दिलेली संमती, माहितीची गुप्तता, नोंदींचं संरक्षण, कोर्टात नाव झाकण्याची सोय, हे सगळं त्यात आहे. लागण होऊ नये म्हणून काळजी घेण्याचं कर्तव्य पॉझिटिव्ह व्यक्तीवर टाकलं आहे; पण ज्या बाईला त्यामुळे मारहाण होण्याची, घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती आहे, तिला शारीरिक संबंधांच्या बाबतीत त्यातून वगळलं आहे. पिठाच्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या मुलीसाठी हे कलम आहे. आपल्यातल्या कितीजणींनी ते वाचलं आहे? हात वर करायला सांगत नाही. विषाणूची वाचलेली अक्षरं हीसुद्धा त्या कायद्यातली संरक्षित माहितीच मानली पाहिजे, असा आग्रह आपण आत्ताच धरायला हवा. वापर वाढल्यावर धरून उपयोग नाही.

पहिल्या बाईचं राहिलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिला सांगितलं, दोघांच्या रक्तावरून कुणाला आधी झाला हे कुठलाही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. तुझं आधी कळलं, कारण तू गरोदर होतीस म्हणून तुझं रक्त आधी घेतलं. तिने दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "हेच लिहून द्या." साध्या कागदावर मी ती दोन वाक्यं लिहिली, तिचं नाव, रोगाचं नाव घातलं नाही. तिने घडी करून बाळाच्या लसीच्या कार्डात ठेवला.

सासूला वाचता येत नाही. नणंदेने वाचून दाखवला. म्हातारीने दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि विचारलं, "मग ह्याचं रक्त कोण घेणार?" चौथ्या दिवशी नवरा केंद्राच्या दाराशी उभा होता, आत यायला तयार नव्हता. आई पाठीमागे होती.